'हाफ नाइन' म्हणजे किती वाजता?

आइंडहोवनमध्ये आमच्या घरी दर शनिवारी सकाळी पाच-सहा जणी इंग्रजी शिकायला येतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या, बहुतेक जणी मराठी माध्यमातल्या. त्यांतली जतकडची एक मैत्रीण गेल्या हिवाळ्यात तापलेल्या लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. फोनवर तिला वेळ सांगितली होती 'हाफ नाइन'. शाळेत 'हाफ पास्ट नाइन' शिकलेली, म्हणून ती साडेनऊला पोचली. तिची वेळ साडेआठची होती. दुपारची वेळ घेऊन पोरीसह ती बसने घरी परतली आणि शनिवारी वर्गात म्हणाली, "ताई, माझं इंग्रजीच कच्चं."

तिचं इंग्रजी कच्चं नव्हतं. डच भाषेत साडेआठला 'हाल्फ नेखन' म्हणतात, शब्दशः 'अर्धे नऊ'. फोनवरच्या बाईंनी आपल्या भाषेतलं घड्याळ तसंच उचलून इंग्रजीत ठेवलं होतं. इंग्लंडमधला माणूसही 'हाफ नाइन' ऐकून साडेनऊलाच गेला असता.

त्या दिवशी मी फळ्यावर 'अडीच' हा शब्द लिहिला. अडीच आला 'अर्धतृतीय' वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. डच माणूस दीडला 'आंडरहाल्फ' म्हणतो, म्हणजे दुसरा अर्धा. एक पूर्ण, दुसरा अर्धा. घड्याळातही त्याचा हिशेब हाच: आठ तास पूर्ण, नववा अर्धा. ती क्षणभर फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे लोक घड्याळात अडीच मोजतात!" नियम म्हणून सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात विसरली असती. आता विसरणार नाही, कारण तो अडीच तिच्या घरचा आहे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. इंग्रजीचं व्याकरण मराठीच्या शेजारी ठेवून शिकवा.

इथे येण्याआधी मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दोन वर्षं शिकवत होते. वर्गात तोंडून मराठी शब्द निघाला की पाच रुपये दंड. तिसरीतली मुलं गप्प बसायला शिकली. शंका मराठीत होती आणि ती विचारायची इंग्रजीत, म्हणून ती विचारलीच जायची नाही. मी तो दंड गोळा केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मराठी बोलायला बंदी केली म्हणून डोक्यातली मराठी थांबत नाही. "आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स" हे वाक्य आपण का बोलतो? कारण "मी इथे दहा वर्षांपासून राहते" हे आपलं वाक्य निर्दोष आहे. त्यात वर्तमानकाळ आहे, आणि 'पासून' हा एकच शब्द '२०१५ पासून' लाही चालतो आणि 'दहा वर्षांपासून' लाही. इंग्रजी तिथे दोन वाटा करते. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. आणि क्रियापदाला 'हॅव' हवंच, कारण इंग्रजीच्या लेखी ही क्रिया मागे सुरू होऊन आजपर्यंत पोचलेली असते. हे समजावताना मी दुसरं मराठी वाक्य घेते: "मला इथे येऊन दहा वर्षं झाली." त्या 'झाली' मध्ये मागचा काळ जमा होऊन आजपर्यंत आलेला आहे. 'हॅव' चं काम बरंचसं तेच.

गंमत म्हणजे माझ्या डच शेजारीणबाई इंग्रजी बोलताना हीच चूक करतात, कारण डच भाषेतही इथे वर्तमानकाळच येतो. त्यांच्या मोडक्या इंग्रजीला त्यांच्याकडे नावही आहे, 'दगडी कोळशाचं इंग्रजी'. कोळशाची इंग्रज जहाजं बंदरात यायची, त्यांच्यावरच्या लोकांशी हमाल जसं जमेल तसं बोलायचे, त्यावरून ते पडलं असं सांगतात. त्या शब्दाला हसतात आणि पुढे बोलत राहतात. आमच्या वर्गातल्या जणी मात्र एक 'द' चुकला की मान खाली घालतात.

तो 'द' ही मराठीतून कळतो. गोष्टीत पहिल्यांदा 'एक राजा' येतो, पुढच्या वाक्यात 'त्या राजाला' दोन राण्या असतात. पहिल्या ठिकाणी 'अ', दुसऱ्या ठिकाणी 'द'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण पहिलं पाऊल पडतं.

इंग्रजी परकी भाषा असलेल्या देशांत इंग्रजीच्या बाबतीत नेदरलँड्स वर्षानुवर्षं पहिल्या काही क्रमांकांत आहे. इथल्या प्राथमिक शाळांत इंग्रजी सक्तीचं झालं १९८६ साली, तेही शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे मूल दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर. काही शाळा आधी सुरू करतात, पण बहुतेक मुलांचं लिहिणं-वाचणं आधी डचमध्ये पक्कं होतं. टीव्हीवरच्या इंग्रजी मालिका इथे सहसा भाषांतरित आवाजात नसतात; आवाज मूळ आणि खाली डच अक्षरं, म्हणजे दोन्ही भाषा रोज शेजारी शेजारी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सुरुवात आपण लवकर केली, पण मराठीच्या पायावर ती उभी केली नाही.

डच ही इंग्रजीची सख्खी चुलत बहीण, त्यांना सोपं जाणारच, असं कोणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच आपल्या मुलांना तुलनेची जास्त गरज आहे. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं, आपलं शेवटी. त्यांचं 'इन' नामाच्या आधी, आपलं 'त' नामाला चिकटून मागे. इतकं अंतर असताना पूल नको म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे.

आपल्याकडे हा पूल होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या कित्येक पिढ्यांनी गिरवली. मराठीचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी करायचं. पुढे 'तर्खडकरी इंग्रजी' हा चेष्टेचा शब्द झाला. त्यातली वाक्यं जुनी झाली हे मान्य, पण रीत जुनी झालेली नाही. माझ्या वडिलांची कणा निघालेली प्रत मी इथे आणली आहे. तिच्यातली वाक्यं बदलून मी बस, डॉक्टर, शाळेची पालकसभा अशी वाक्यं घालते.

मागच्या महिन्यात त्याच मैत्रिणीने आमच्या स्वयंपाकघरातूनच दवाखान्यात फोन लावला. पलीकडून 'हाफ टेन' ऐकू आलं. तिने बोटावर काहीतरी मोजलं, माझ्याकडे न बघता स्पष्ट आवाजात विचारलं, "नाइन थर्टी, येस?" आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर साडेनऊ लिहिलं.