नवं बांधलेलं इंजिन तापलं, तर?

इंजिनचं काम होऊन चार महिने झालेत आणि हेब्बाळच्या कोंडीत काटा लाल खुणेवर गेला. येलहंकाला पोचल्यावर गॅरेजवाला बॉनेट उघडून लगेच म्हणतो, 'बोअर गेला.' मोजल्याशिवाय हे मानू नका. रिबोअर म्हणजे इंजिन पुन्हा पूर्ण उतरवणं.

इंजिन फार तापलं की ऑइलचा थर पातळ होतो, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरची भिंत खरवडते. रिंगांचा ताणही जातो. मग निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर असेल तर आधी हेड गॅस्केटवर संशय घ्या.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा भिंतीचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आणि हो, आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर राहतो. हवा विरळ, म्हणून आकडे मुंबईपेक्षा साधारण 10 टक्के कमीच येतात! त्यामुळे सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक बघा.

रिंगा की भिंत, हे हेड उघडल्यावरच कळतं. उभे ओरखडे नखाला लागतात का? बोअर गेजने वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजून आकडे लिहून मागा. झीज 0.1 मिमीच्या आसपास असेल तर बहुतेक गाड्यांना रिबोअर आणि ओव्हरसाइझ पिस्टन लागतात. पण त्याआधी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा तपासलाय का, ते विचारा.