फुकटची बहादुरी पुरे, बंबावरची नोकरी हवी

खान्देशात कुठेही आग लागली की दुसऱ्या दिवशी एक बातमी ठरलेली असते. मोहल्ल्यातल्या पोरांनी जिवाची पर्वा न करता सिलिंडर बाहेर काढला, बादल्या ओतल्या, म्हातारीला उचलून आणले. सोबत काळवंडलेल्या चेहऱ्यांचा फोटो आणि वर ‘माणुसकीचे दर्शन’ किंवा ‘सामाजिक सलोख्याचे उदाहरण’ असा मथळा. व्हॉट्सॲपवर ती बातमी तीन दिवस फिरते. आपल्यालाही बरे वाटते, कारण एरवी आपल्या नावाने छापून येते ते वेगळेच असते. मला मात्र हा मथळा आता खुपतो. त्या पोरांच्या हातात बादली का होती, नळी का नव्हती, हा प्रश्न त्याच्याखाली गाडला जातो.

हे आत्ताच लिहायचे कारण शिंदखेड्यातला एक ओळखीचा मुलगा. वय सत्तावीस, बारावीला बऱ्यापैकी मार्क, स्वतःची पिकअप. हंगामात कापूस वाहतो, उन्हाळ्यात दोंडाईच्याची मिरची. लग्न झालेय, एक मुलगी आहे. दोन-तीन आगींत तो धावून गेला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच आहे: पिकअप विकायची आणि अग्निशमन दलात पूर्णवेळ जायचे. घरातल्या मोठ्यांचे उत्तर आले, “सरकारी नोकरी अपने को कौन देता है बेटा?” मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर दुसरे उत्तर मिळाले: खिदमतच करायची तर आपल्या ग्रुपमध्ये ये, त्यासाठी नोकरी कशाला?

दोन्ही उत्तरे मला चूक वाटतात. दुसरे जास्त घातक आहे, कारण ते चांगुलपणाचे कपडे घालून येते.

आधी आग म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागातली आग मुख्यतः कापसाची, चाऱ्याची, पऱ्हाट्यांची आणि गॅसच्या टाकीची. जिनिंगमध्ये कापसाबरोबर आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासतो, ठिणगी पडते आणि ती गंजीच्या पोटात शिरते. वरून पाणी मारले की ज्वाळा दिसेनाशा होतात, लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि आत कापूस धुमसत राहतो. ती गंजी जेसीबीने फोडावी लागते, प्रत्येक थर उलगडून भिजवावा लागतो. त्यात रात्रही जाते. मिरचीच्या गोदामात आग लागली तर तो धूर रुमाल बांधून सोसता येईल का, याचा विचार फोडणीत मिरची जळल्यावर घराबाहेर पळणाऱ्यांनी करावा. तिथे पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा लागतो. त्या टाकीतली हवा अर्धा-पाऊण तास पुरते, आणि आत असताना ती कधी संपेल याचा हिशेब ठेवायला बाहेर एक माणूस लागतो. पेटलेल्या सिलिंडरला हात न लावता लांबून पाणी मारून तो गार ठेवायचा असतो. आपली पोरे तोच उचलून बाहेर पळतात, आणि आपण त्याला बहादुरी म्हणतो.

हे काम हौसेने येत नाही. महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा फायरमनचा अभ्यासक्रमच सहा महिन्यांचा आहे. त्यानंतरही रोजची कवायत आलीच. पोटासाठी दिवसभर पिकअप चालवणारा माणूस हे संध्याकाळी शिकू शकत नाही.

मग पूर्णवेळ माणसे का नाहीत? याचे उत्तर थेट राज्यघटनेत आहे. नागरी संस्थांच्या कामांची यादी म्हणजे बारावी अनुसूची. तिच्यात अग्निशमन सेवा नाव घेऊन लिहिली आहे. पंचायतींच्या कामांची अकरावी अनुसूची २९ विषयांची, तिच्यात ती नाही. म्हणजे आग हा शहराचा विषय. शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचा-वरवाडे नगरपालिका आणि शिंदखेडा नगरपंचायत सोडली तर बाकी सगळी गावे, आणि त्यांच्या खळ्यातला वर्षभराचा चारा, शेजारच्या शहराच्या मेहेरबानीवर. शिंदखेड्याहून दोंडाईचा पंचवीसेक किलोमीटर, धुळे पन्नासेक. तापीकाठच्या एखाद्या गावाला फोन लागून, गाडी निघून, रस्ता सापडेपर्यंत गंजीची राख थंड व्हायला लागलेली असते. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष ग्रामीण भागासाठी वीस मिनिटांचा आहे. हा निकष मांडणाऱ्यांनी चैत्रात एकदा आमच्या शिवारात यावे.

देशाची अवस्था याहून वेगळी नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने आरएमएसआय या संस्थेकडून दहा-बारा वर्षांपूर्वी पाहणी करून घेतली होती. तीत अग्निशमन केंद्रांची तूट ९७ टक्क्यांच्या वर आणि माणसांची ९६ टक्क्यांच्या वर निघाली. त्यानंतर पंधराव्या वित्त आयोगाने अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची तरतूद सुचवली आणि २०२३ मध्ये केंद्राची आधुनिकीकरणाची योजनाही आली. अशा पैशातून गाड्या येतात. गाडीला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, फोटो काढता येतो. पण एका बंबावर चालकासह निदान सहा माणसे धरली आणि दिवसाच्या तीन पाळ्या केल्या तर अठरा होतात, सुट्ट्या-आजारपण धरून विसाच्या वर. ही वीस माणसे कायम आस्थापनेवर घ्यायला कोणी नारळ फोडत नाही. मग एजन्सीमार्फत चार कंत्राटी पोरे ठेवायची आणि उरलेले काम गर्दीतल्या धाडसी तरुणांवर सोडायचे. आपली खिदमत नेमकी या भोकाला ठिगळ म्हणून वापरली जाते.

याच तालुक्यात नरडाण्याची एमआयडीसी आहे. नदीपलीकडे शिरपूर तालुक्यात वाघाडीला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि डझनभराहून अधिक माणसे गेली. तसल्या ठिकाणी बादली घेऊन धावणारा मुलगा मदत करत नाही, मृतांच्या यादीत एकाची भर घालतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने इमारतींकडून अग्निसेवेचे शुल्क घेता येते, यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत मागता येतो. कागद आहे. कागद तपासायला आणि कागद खोटा निघाल्यावर आत शिरायला माणूस हवा.

कट्ट्यावरचे मित्र म्हणतील, परदेशात स्वयंसेवकच तर आग विझवतात. खरे आहे, जर्मनीत आणि अमेरिकेत स्वयंसेवकांची संख्या पगारी जवानांपेक्षा जास्त आहे. पण त्यांना प्रशिक्षण, पोशाख आणि विमा आधी मिळतो. अमेरिकेत १९७६ चा कायदा आहे, कर्तव्यावर मेलेल्याच्या कुटुंबाला केंद्र सरकार भरपाई देते, आणि स्वयंसेवकही त्यात येतो. आपल्याकडे धावून गेलेला पोरगा भाजला तर त्याच्या उपचाराला वर्गणी काढावी लागते. तीही आपणच काढतो.

प्रशिक्षित माणूसही मरतो, हे मी लपवत नाही. मुंबईत ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या आगीत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन आणि संजय राणे, महेंद्र देसाई हे अधिकारी गेले. ते दल १८८७ पासूनचे आणि देशातल्या जाणत्या दलांपैकी. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. तिचे तीन जवान मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना बोट उलटून गेले. बायको हाच आकडा पुढे करील तेव्हा त्या मुलाने तिच्याशी वाद घालू नये, तिचे बरोबर आहे. फरक एवढाच की नोकरीत असलेल्याच्या मागे घरच्यांना हक्काने काही मागता येते. मोहल्ल्यातल्या बहादुराच्या मागे फक्त तो मथळा उरतो.

आणि आता आपली खास गोष्ट. कोरोनाच्या काळात आपल्या पोरांनी परक्यांच्या प्रेतांना खांदा दिला, अंत्यसंस्कार केले. कौतुक झाले. ते काम मोठेच होते, पण त्या कौतुकात एक अट दडलेली होती. मुसलमान जीव धोक्यात घालतो तेव्हा चांगला, आणि तोच आकृतिबंधातले पद मागतो तेव्हा त्याचे लाड. ही अट आपण निमूटपणे मान्य केली आहे. जमातीच्या पैशातून ॲम्ब्युलन्स घेतो, मय्यतीची गाडी घेतो, उद्या बंबही घेऊ. पण नगरपंचायतीच्या सभेत उठून ‘अग्निशामकाची पदे किती भरली?’ असे विचारणारा आपल्यात सापडत नाही. खिदमतीला माझा विरोध नाही. तिच्या आडून सरकारला सूट द्यायला आहे.

आता पहिल्या उत्तराकडे, ‘अपने को कौन देता है’. सच्चर समितीने २००६ मध्ये सरकारी नोकऱ्यांतला आपला तुटपुंजा वाटा मोजून दाखवला. तेव्हापासून आपण तो अहवाल अर्ज न करण्याचे कारण म्हणून वापरतो आहोत. अग्निशमनातली गाळणी बरीचशी उघड्या मैदानावर असते. मुंबई महापालिकेने २०२३ च्या सुरुवातीला दहिसरला ९१० फायरमनची भरती घेतली. त्यात उंची १७२ सेंटीमीटर, ८०० मीटर धावणे, उंचावरून जम्पिंग शीटवर उडी अशा गोष्टी होत्या. त्या भरतीत महिला उमेदवारांवर पोलिसांच्या लाठ्याही चालल्या, म्हणजे तिथे सगळे गोड आहे असे नाही. पण शीटवर उडी मारताना आडनाव वजनात धरत नाहीत. पगाराची श्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये, भत्ते वेगळे. पिकअपचा हप्ता, डिझेल, टायर वजा करून हातात काय राहते ते या आकड्याशेजारी मांडून पाहावे.

आपल्या पोरांचे खरे घोडे अडते ते दोन ठिकाणी, वय आणि कागद. अकादमीच्या फायरमन अभ्यासक्रमाला प्रवेश १८ ते २३ वयात. म्हणजे ज्या वयात आपला मुलगा गॅरेजमध्ये किंवा हातगाडीवर घर चालवत असतो, त्याच वयात हा दरवाजा उघडतो आणि बंदही होतो. हे मला अन्यायाचे वाटते. तेविशीत हे काम निवडणारा कोवळा असतो. सत्ताविशीत, पोटच्या मुलीकडे पाहून, तरीही जायचे म्हणणारा जास्त भरवशाचा. मुंबईच्या त्या भरतीत खुल्या वर्गाला २७ पर्यंत मुभा होती, मागासवर्गीयांना पाच वर्षे जास्त. आमचा हा मुलगा पिंजारी, म्हणजे ओबीसी. कापूस पिंजणारी ही जात, तिचा पोरगा आता पेटलेला कापूस विझवायला निघालाय. पण जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदीत मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहून ठेवलेले. असे हजारो दाखले खान्देशात पडून आहेत. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून ते सुटत नाही. ॲम्ब्युलन्सची वर्गणी काढणाऱ्या कमिटीने मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराचे जुने निर्गम उतारे शोधायला एक माणूस बसवला, तर ती मला मोठी खिदमत वाटेल.

मधेच एक टोळी आहे, तिच्याबद्दल सावध करतो. ‘फायर अँड सेफ्टी’चे डिप्लोमे विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. हमखास नोकरी म्हणतात, हजारो रुपये घेतात आणि भरतीत बाहेरचा कागद बाजूला ठेवला जातो. जाहिरातीत नेमका कोणता अभ्यासक्रम मागितला आहे ते वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नये. आणि ‘अग्निवीर’ वेगळे, ते चार वर्षांचे लष्करातले काम. नावातल्या अग्नीवरून गोंधळलेले पालक मला भेटलेत.

तर मी त्या मुलाला म्हणालो: जा, पण पिकअप आज विकू नकोस. जड वाहनाचा परवाना काढ, कारण चालक-यंत्रचालकाच्या पदाला तो लागतो आणि गाडी तुझ्या हातात बसलेली आहे. पहाटे फजरनंतर आठशे मीटर घड्याळ लावून धाव. आजोबांच्या शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघ, एखाद्या चुलत आजोबांच्या नावापुढे ‘पिंजारी’ लिहिलेले सापडते. कंत्राटी पोरगा म्हणून कोणी बोलावले तर जाऊ नकोस, तिथे धोका तोच आणि मागे काही नाही. तो हसला, म्हणाला, चाचा, कायम जागा निघालीच नाही तर?

तेवढ्यासाठी कट्ट्यावरच्या मंडळींना एक काम सांगतो. शिंदखेडा नगरपंचायत आणि दोंडाईचा नगरपालिका, दोन्हीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मंजूर आकृतिबंधात अग्निशमनाची पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, त्यांचा विमा कोणी काढला, गेल्या पाच वर्षांत अग्निसेवा शुल्क किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते हातात असले पाहिजे.