हिशेब आणि आराखडा

नांदेड-लातूरच्या मोंढ्यातील काही घरांत अलीकडे एक नवा पेच दिसतो. थोरला मुलगा एम.बी.ए. होऊन पेढीवर बसतो. धाकटी कन्या डिझाइन शिकून परतते. दुकानाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की थोरला विचारतो, ‘खर्च किती? काम केव्हा संपेल?’ धाकटी विचारते, ‘गिऱ्हाईक उभे कोठे राहते? हमाल पोते कोठून आणतो?’ वडीलधाऱ्यांना हा भावंडांचा वाद वाटतो. वस्तुतः तो दोन व्यवसायसंस्कृतींतील भेद आहे, आणि त्याची किंमत याच भूमीने एकदा मोजली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाची जड छपरे कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले. प्रशासनापुढे प्रश्न व्यवस्थापनाचा होता : बेघरांना लवकरात लवकर सुरक्षित छप्पर. जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे ठरली, सरळ व रुंद रस्ते आखले गेले, जागतिक बँकेचे साहाय्य आणि दानशूर संस्था यांचा मेळ घालून हजारो घरे उभी राहिली. ही कामगिरी लहान नव्हे.

तथापि वाड्याचा चौक, ओसरी, गोठा, लागून असलेली भावकी यांना त्या आखणीत पुरेशी जागा नव्हती. गाव पसरले, शेजार विरळ झाला. याउलट जेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते, तेथे अनुदान हप्त्याहप्त्याने मालकाच्या बँक खात्यात आले आणि अभियंत्यांच्या सल्ल्याने त्याने स्वतः काम करून घेतले. तेथे हिशेबही राहिला आणि राहणाऱ्याचा शब्दही.

अहमदाबादच्या साराभाई घराण्याने ही दोन्ही अंगे वेळीच ओळखली होती. १९६१ मध्ये त्या शहरात व्यवस्थापन संस्था आणि डिझाइन संस्था या दोन्ही स्थापन झाल्या; पहिलीच्या उभारणीत विक्रम साराभाई, तर दुसरीच्या उभारणीत गौतम आणि गिरा ही त्यांची भावंडे अग्रेसर होती. डिझाइन संस्थेला दिशा देणाऱ्या १९५८ च्या अहवालात चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने आपल्या साध्या लोट्याचा आदर्श मांडला. तो उचलताना, ओतताना, घासताना कसा वाटतो, हे सारे त्यांनी विचारात घेतले होते.

व्यवस्थापक मुदत सांभाळतो; त्याच्यावाचून आराखडा कागदावरच राहतो आणि बेघर माणूस पत्र्याच्या शेडमध्ये. डिझाइनर वापरणाऱ्याची बाजू मांडतो. त्याच्यावाचून काम वेळेत संपते, पण ते कोणासाठी होते याचा विसर पडतो. म्हणून पेढीवर क्रम ठरवून घ्यावा. आधी धाकटीचे प्रश्न सुटू द्यावेत, मग थोरल्याने खर्च आणि तारीख निश्चित करावी. कागदावरची रेघ खोडता येते. उभी राहिलेली भिंत पाडण्याचा खर्च मात्र खात्यावर पडतो.