आधी गप्प बसा

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबरोबर त्यांची कुत्रीही गेली होती. नुर्दागी गावात एका ढिगाऱ्यावर जुली नावाची लॅब्रॅडोर कुत्री एकाच जागी भुंकू लागली. खात्री करण्यासाठी रोमिओ नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला सोडले. तोही तेथेच भुंकला. खालून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

अशी बातमी वाचली की आपल्याला लगेच कुत्र्याच्या डोळ्यांत करुणा दिसू लागते. मला हे पटत नाही. या कुत्र्यांना शिकवताना एक माणूस लपून बसतो. कुत्र्याने वासावरून त्याला हुडकून भुंकून दाखवले की बक्षीस म्हणून खेळणे मिळते, लाड होतात. म्हणजे जुलीच्या लेखी खाली कोणी आपद्ग्रस्त नव्हताच, लपलेला खेळगडी होता! २००१ साली न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यात जिवंत माणसे सापडेनात, तेव्हा कुत्र्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यांचे सांभाळणारे मुद्दाम कोणाला तरी लपवून ठेवीत.

याने जुलीचा मोठेपणा कमी होतो असे कोणी समजू नये. मला तर तिची शिस्तच करुणेहून मोलाची वाटते. वास जेथे सर्वांत दाट तेथे ती भुंकते, आणि जवान येईपर्यंत जागा सोडत नाही. उकरण्याचे, ओढण्याचे काम तिचे नव्हे.

आता आपले पाहा. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीत मातीचे घर खचले आणि एक म्हातारी आत अडकली. निम्मा मोहल्ला ढिगाऱ्यावर चढला. मीही चढलो, हे कबूल करतो. जो तो ओरडत होता, पाट्या ओढत होता. आपल्याच वजनाने खालची माती दबते आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. शेवटी एक आबा संतापून म्हणाले, “चूप बसा न बाप्पा! बुढीचा आवाज आयकू तं द्या!” सारे गप्प झाले, तेव्हा कण्हणे ऐकू आले; आम्ही खणत होतो त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. म्हातारी वाचली. तिचा एक पाय मात्र कायमचा अधू झाला.

राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळ तळेगावला आहे. तेथून कळंबला यायचे म्हणजे अर्धा महाराष्ट्र ओलांडायचा. राज्याचे दल नागपूरला आहे खरे, पण तेही काही तासांनीच पोचणार. तोवर ढिगाऱ्याशी आपणच असणार, आणि आपल्याला जुलीसारखे नाक नाही. कान तेवढे आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दरवर्षी रस्ते झाडतो, वृक्षारोपण करतो. (त्यांतली किती झाडे जगतात, तो वेगळा लेख होईल.) यंदा त्यातली एक सकाळ याच कामाला द्यावी : एकाने लपावे, बाकीच्यांनी मागे सरून पाच मिनिटे नुसते ऐकावे. सरांना विचारले आहे. “पाहू,” म्हणाले.