कमान आधी की घंटागाडी?

महामार्गावरच्या कुठल्याही वाढत्या गावात कचऱ्याचा विषय काढून बघा, उत्तर तयार असतं. ‘आधी गाव वाढू द्या. रस्ता होऊ द्या, दिवे लागू द्या, वेशीवर कमान उभी राहू द्या. कचऱ्याचं काय, ते बघू मागाहून.’ दौंड तालुक्यातल्या वरवंडला या उत्तराचा निकाल आता लावावा लागेल. पुण्याहून सोलापूरकडे जाताना चौफुला मागे पडला की वरवंड, पुढे पाटस. अशा हमरस्त्यावरच्या गावांत कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो, कचरा मात्र शहरी होऊन बसतो. म्हणून ‘मागाहून बघू’ हे धोरण चुकीचं आहे, आणि गावाचं रूप बिघडायला तेच सगळ्यात मोठं कारण ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

कमानीचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. कमान एकदा बांधली की दहा वर्षं बघावी लागत नाही. कचरा रोज सकाळी नव्याने येतो. सर्व्हिस रोडच्या कडेला कोंबडीची पिसं, चहाचे कागदी कप आणि हॉटेलातलं उरलंसुरलं अन्न साचलं, त्यावर कुत्री जमली, की वाटसरूच्या लक्षात तेच राहतं. कमानीवरची नावं तर वर्गणी देणाऱ्यांशिवाय कुणीच वाचत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ‘आमच्या आजोबांनी कुठं घनकचरा व्यवस्थापन केलं होतं? परसात उकिरडा होता, भागत होतं.’ खरं आहे, भागत होतं. आणि नुसतं भागत नव्हतं, उकिरड्याइतकी चोख व्यवस्था आजच्या कुठल्या नगरपालिकेकडे नाही. शेण, गोठ्यातला केर, चुलीची राख, भाजीची देठं सगळं एका खड्ड्यात जायचं आणि उन्हाळ्यात तेच बैलगाडीतून शेतात पडायचं. कचरा म्हणून मागे काही उरतच नव्हतं. पण आजचा ढीग काठीने उकरून बघा. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, पिशवीत गाठ मारून फेकलेलं डायपर, औषधांच्या पाकिटांचा चुरगळा. शेताकडचा ढीग पाहिला तर ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि मल्चिंग पेपरच्या चिंध्या. खत होणारा भाग यातही आहे, पण तो प्लॅस्टिकच्या पोटात अडकलेला. असा उकिरडा शेतात पसरायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून संध्याकाळी त्याला काडी लावतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड करावा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2016मध्येच सांगून ठेवलं आहे. धूर अजून थांबलेला नाही. आजोबांचा उकिरडा मोडला नाही, त्यात पडणारा माल बदलला. त्याच नावाने आजच्या ढिगाचं समर्थन करणं हा आजोबांवरच अन्याय आहे.

तिसरं म्हणणं असं की कचरा हा पुण्यामुंबईचा प्रश्न. मग पुण्याचंच उदाहरण घेऊ. पुण्याचे रस्ते वर्षानुवर्षं जे बरे दिसले, त्याची किंमत हडपसरपलीकडच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीने मोजली. 163 एकरांचा कचरा डेपो, त्याचा वास, विहिरींचं नासलेलं पाणी. एप्रिल 2017मध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि दिवसांमागून दिवस पुण्याच्या पेठांत कचरा साचत गेला. शहराचं रूप दोन गावांच्या सोसण्यावर उभं होतं, ते त्यांनी नाही म्हणताच उघडं पडलं. उरुळी-फुरसुंगी हीसुद्धा एके काळी शेतीचीच गावं होती. शिवाय वरवंडचा तलाव भरतो तो खडकवासल्याहून पुण्याच्या वस्तीतून येणाऱ्या कालव्याच्या पाण्याने. वाटेत त्या पाण्यात काय काय पडतं, हे कालव्याकाठच्या कुणालाही विचारावं. शहराचा कचरा गावाच्या दारात आधीच आलेला आहे. त्याला ‘तुमचा प्रश्न’ म्हणून परतवणार कसा?

मग कुणीतरी सुचवतं, चौकाचौकात कुंड्या ठेवा. हा उपाय दिसायला सोपा आणि फसवा. कुंडीशेजारीच पहिला ढीग लागतो, कारण एकदा पिशवी आपल्या हातातून सुटली की ती आत पडली की बाहेर, हे बघायला कुणी थांबत नाही. पुण्यात बरं घडलं ते कुंड्यांमुळे घडलेलं नाही. कचरावेचकांनी 1993मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून 2008च्या सुमारास ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून कामाला लागली, आणि बाया दारोदारी जाऊन ओला-सुका वेगळा घेऊ लागल्या. कचरा दारातच वेगळा झाला तर त्याला भाव असतो. एकदा एकत्र झाला की नुसती घाण.

‘पैसा कुठाय?’ हा शेवटचा हुकमी पत्ता. घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य कराची ओळ असते, ती कशासाठी? पंधराव्या वित्त आयोगाच्या ‘बंधित’ निधीतला अर्धा वाटा स्वच्छतेसाठीच राखलेला होता. त्यातून कित्येक ग्रामपंचायतींनी घंटागाड्या घेतल्याही. पण डिझेल आणि ड्रायव्हरची तरतूद नसल्याने त्या आवारात उभ्या आहेत. खरेदीत जो रस असतो तो चालवण्यात नसतो, यावर अधिक बोलायला नको. उलट वेंगुर्ल्याकडे बघा. जेमतेम बारा हजार वस्तीची नगरपरिषद. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं सुका कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा होऊ लागला, ओल्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात. डंपिंग ग्राउंड होतं तिथं माणसं सहलीला येऊ लागली. ‘तिथं अधिकारी चांगला होता’ असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण अधिकारी बदलतो, घरात दोन बादल्या ठेवायची सवय बाईच्या हातात राहते. शिस्त लोकांना नसते, असं म्हणणाऱ्यांनी आधी गाडी रोज ठरल्या वेळी पाठवून बघावी. दिवसचे दिवस गाडी पाठवायची नाही आणि दोष लोकांना द्यायचा, हे बरं नव्हे.

वरवंडला लागतील काही गुंठे जागा, जिथं सुका कचरा वेचून गठ्ठे बांधता येतील, ओल्यासाठी खतखड्डे, आणि हॉटेलवाल्यांकडून, चिकनच्या दुकानांकडून घरांपेक्षा जास्त आकार, कारण त्यांचा कचराही जास्त. यातली जागा सगळ्यात आधी ठरवायला हवी. आज ती शोधली तर सापडेल. चारही बाजूंनी प्लॉटिंग झाल्यावर कुठलीही सोसायटी ‘आमच्या शेजारी नको’ म्हणणार, आणि मग कचरा निघेल तो आणखी दुबळ्या कुठल्यातरी वाडीच्या माळाकडे. म्हणून येत्या ग्रामसभेत कमानीच्या ठरावाआधी हा ठराव घ्यावा: गट नंबर कोणता, गाडी किती वाजता, आणि ड्रायव्हरचा पगार कोणत्या खात्यातून.