"अस्तर नंतर बघू" म्हणणाऱ्यांसाठी

जुनी कन्व्हर्टिबल घेतलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "आधी वरचं कापड बदलून घे, आतलं अस्तर नंतर बघू." हा सल्ला चुकीचा आहे. थोडासा नाही, पूर्ण चुकीचा. तो देणाऱ्यांमध्ये गाडीच्या गाद्या शिवणारे दुकानदार आहेत, हौशी मंडळी आहेत आणि ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी उभे राहून कशावरही मत देणारे आमचे सहकारीही आहेत. म्हणून आज जरा सविस्तर भांडायचा विचार आहे.

आधी गाडी कोणती ते सांगतो, नाहीतर हवेत बोलणं होईल. इथे जर्मनीत अजूनही रस्त्यावर दिसते ती पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ कॅब्रिओ. १९७९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि १९९३ पर्यंत ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्यात बनत राहिली. मधोमध तो आडवा रोल बार असल्यामुळे लोक तिला स्ट्रॉबेरीची टोपली म्हणतात. पण तिची खरी गंमत तिच्या हुडात आहे. पहिल्या माझदा एमएक्स-५ चं हूड म्हणजे एकेरी रेक्झिन आणि मागे प्लॅस्टिकची खिडकी, अस्तर वगैरे लाड नाहीत. गोल्फचं तसं नाही. बाहेर जाड कापड, मध्ये भरणी, खाली अस्तर आणि मागे तारांनी गरम होणारी खरीखुरी काच. म्हणूनच ते दुमडलं की मागच्या सीटच्या मागे गादीची वळकटी ठेवल्यासारखं उंच दिसतं आणि आरशात अर्धा रस्ता दिसेनासा होतो. पण थंडीत आत बसलं की त्या जाडीचे पैसे वसूल होतात.

आता अस्तर कसं बसतं ते बघा. सगळा वाद इथेच मिटायला हवा, पण मिटत नाही. पक्क्या टपाच्या गाडीत अस्तर एका पुठ्ठ्यासारख्या पॅनेलला चिकटवलेलं असतं. कापडामागचा फोम वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन भुगा होतो आणि कापड लोंबायला लागतं. पॅनेल खाली काढा, भुगा ब्रशने खरवडा, नवं कापड चिकटवा, काम झालं. इंटरनेटवर "शनिवारी दुपारी दोन तासांत" म्हणून दाखवतात ते व्हिडिओ या गाड्यांचे असतात. कन्व्हर्टिबलमध्ये पॅनेलच नाही! अस्तर लोखंडी कमानींना टांगलेलं असतं, शिवलेल्या पट्ट्यांनी धरून. त्याच्यावर भरणी, भरणीवर बाहेरचं कापड. मागे काचेच्या चौकटीभोवती आतलं आणि बाहेरचं दोन्ही येऊन मिळतात, त्यामुळे काचही काढावी लागते. थोडक्यात, अस्तर बदलायला वरचं सगळं उतरवावं लागतं आणि चढवताना अस्तर सगळ्यात आधी चढतं.

आता "नंतर बघू"चा अर्थ लावा. आज वरचं कापड काढलं, नवं ताणून बसवलं, कडा चिकटवल्या, बाजूच्या तारा ओढल्या. दोन वर्षांनी अस्तर फाटलं. मग तेच नवं कापड पुन्हा उचकटायचं. एकदा गोंदाने बसवून ताणलेलं कापड उचकटून परत तसंच बसत नाही, कडा तरी खराब होतात नाहीतर सुरकुत्या तरी राहतात. म्हणजे मजुरी दोनदा आणि नशीब वाईट असेल तर कापडही दोनदा. या कामात खर्च मुख्यतः मजुरीचा. अस्तराचं कापड त्या मानाने स्वस्त. जो खर्च आज जवळजवळ फुकटात होतोय तो पुढे ढकलून नंतर सगळ्याची किंमत मोजायची. आपल्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात आणि त्यावर तासतासभर प्रेझेंटेशन देणारे लोक स्वतःच्या गाडीला मात्र तेच करतात.

ज्यांच्या घरी कोणी ब्लाउज शिवतं त्यांना हे सांगावं लागत नाही. अस्तर आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मग कापायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुरगळतं. गल्लीतल्या शिंपिणीला जी गोष्ट कळते ती इथल्या एका दुकानदाराला मी वीस मिनिटं समजावत होतो. त्याचं उत्तर : "आतलं कोण बघतं?" अरे बाबा, मी बघतो. हूड बंद असताना बाहेरचं कापड बाकीच्या जगाला दिसतं. डोक्यावर चार बोटांवर असतं ते अस्तर, आणि हूड उघडताना कमानींच्या सांध्यात अडकून फाटतं तेही अस्तरच.

आणि हा फक्त दिसण्याचा मामला नाही. जुन्या हुडातून पाणी गळत असेल तर ते आधी भरणीत मुरतं. ओली भरणी तशीच ठेवून वर नवं कापड चढवलं की ओल आत बंद झाली. मग बुरशीचा वास, कमानींना गंज आणि अस्तरावर पिवळे डाग. या गाड्या विकताना जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं : नवीन छप्पर. घेणारा बिचारा बाहेरून हात फिरवून खूश. असली गाडी बघायला गेलात तर हूड अर्धं उघडायला सांगा आणि थर कसे आहेत ते बाजूने बघा. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात डाग शोधा. आणि सरळ नाक लावून वास घ्या, लाजू नका.

दुसरा पंथ स्प्रेवाल्यांचा. लोंबणाऱ्या अस्तरावर गोंदाचा डबा रिकामा केला की झालं. अहो, चिकटवताय कशाला? अनेक अस्तरांच्या पाठीला पातळ फोम असतो आणि तो भुगा झालेला असतो, म्हणजे तुम्ही कापड भुग्याला चिकटवताय. शिवाय हे अस्तर रोज दुमडायचं आहे. भर उन्हात आतून तापलं की साधा स्प्रे नरम पडतो आणि गोंदाचे डाग कापडातून वर येतात, ते जात नाहीत. जिथे गोंद लागतो तिथे आपल्याकडे चपला दुरुस्त करणारे ज्याला सोल्युशन म्हणतात तो प्रकार हवा : दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. दारं-खिडक्या उघडी ठेवून, कारण वासाने डोकं धरतं. ही "थांबायचं" पायरीच लोकांना झेपत नाही.

"पण एवढे पैसे कोणाकडे आहेत?" रास्त प्रश्न. नसतील तर काहीच करू नका. सुई-दोरा घ्या, फाटलेल्या जागी चार टाके घाला आणि गाडी चालवा. टाके उद्या उसवता येतात, गोंद उसवता येत नाही. अर्धवट कामापेक्षा न केलेलं काम शंभरपटीने बरं. इथे ३० वर्षं झालेल्या गाडीला ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट मिळू शकते. शेवटची गोल्फ कॅब्रिओसुद्धा २०२३ मध्ये त्या वयाची झाली. पण त्यासाठी तपासणारा माणूस गाडीची अवस्था बघतो. गोंदाने माखलेल्या अस्तरापेक्षा नीट रफू केलेलं मूळ अस्तर त्याच्यापुढे मी केव्हाही ठेवेन.

एक गोष्ट मात्र कबूल. हे काम नीट करणारे कारागीर कमी होत चाललेत. कारमाननेच २००९ मध्ये दिवाळं काढलं, कारखाना फोक्सवॅगनकडे गेला. मला आपल्या रिक्षांचे हूड शिवणारे आठवतात. लोखंडी कमानींवर रेक्झिन ताणायचं, आतून रंगीत अस्तर लावायचं, मापं डोक्यात. तत्त्व तेच आहे राव, फक्त इथे त्याला तिप्पट शब्द लागतात आणि बिल युरोत येतं.

तर दुकानात गेलात की कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या : अस्तर धरून भाव, भरणी तपासून कुजकी असेल तर बदलण्याचा भाव, आणि काच काढून बसवण्याची जबाबदारी कोणाची. तिसऱ्या ओळीला जो कुरकुर करेल त्याच्याकडे काम देऊ नका. जुन्या अस्तराच्या कमानींवरच्या खुणा काढण्याआधी फोटो काढून ठेवा, नवं अस्तर मधोमध बसलंय का ते त्यावरूनच कळतं. आणि काम झाल्यावर कितीही ऊन पडलं, मित्र कितीही मागे लागले, तरी पहिले काही दिवस हूड बंदच ठेवा. कापड ताणात बसू दे.