अंधेरीचा पूल आणि माध्यमांचा प्रकाशझोत

प्रसारमाध्यमे लोकमत घडवितात, हे विधान आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. माध्यमे नेमके काय घडवितात आणि कोणत्या वेळी स्वस्थ बसतात, हे पाहावयाचे असेल, तर अंधेरीच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची हकीकत पुरेशी आहे.

१९७५ साली बांधलेल्या या पुलाचा पादचारी मार्ग ३ जुलै २०१८ रोजी सकाळी भर पावसात रेल्वेच्या रुळांवर कोसळला. पाच जण जखमी झाले; त्यांतील दोघांचा पुढे मृत्यू झाला. येणाऱ्या गाडीच्या मोटरमनने प्रसंगावधान राखून गाडी थांबविली नसती, तर याहून मोठा अनर्थ ओढवला असता. त्या दिवशी वृत्तवाहिन्यांचे सारे लक्ष अंधेरीकडे होते. जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, हा वादही यथासांग रंगला. मुंबईतील ४४५ पुलांची तपासणी करण्याची घोषणा झाली आणि तिला ठळक मथळे मिळाले. तपासणीतून काय निष्पन्न होते, याचा पाठपुरावा मात्र त्या आवेशाने झाला नाही. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडून सात जण दगावले. तो पूल तपासणीत किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरास योग्य ठरविण्यात आला होता, ही गोष्ट सर्वसामान्यांना तो पडल्यावर कळली.

वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली वृत्तपत्रांना अंधारात इकडून तिकडे फिरणाऱ्या प्रकाशझोताची उपमा दिली होती. झोत पडेल तेवढेच दिसते आणि तो सरकला की पुन्हा अंधार होतो. पुढे मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी अमेरिकेतील १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मतदारांची पाहणी केली आणि १९७२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांनी कोणते मत बनवावे हे माध्यमांना सहसा ठरविता येत नाही, परंतु कोणते प्रश्न महत्त्वाचे मानावेत हे ठरविण्यात त्यांचा वाटा फार मोठा असतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

याचा प्रत्यय २०२२ साली अंधेरीतच आला. शिवसेनेतील फुटीनंतरची पहिली विधानसभा पोटनिवडणूक म्हणून अंधेरी पूर्व मतदारसंघाकडे सर्वांचे डोळे लागले होते. धनुष्यबाण गोठविला गेला, मशाल आली, भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली. महिनाभर चर्चेचा भर या घडामोडींवर राहिला. ३ नोव्हेंबरला मतदान झाले. सुमारे ३२ टक्के मतदारांनीच मतदान केले. ६ नोव्हेंबरला ऋतुजा लटके विजयी झाल्या आणि १२,८०६ मतांसह ‘नोटा’ दुसऱ्या स्थानावर राहिला. दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, गोखले पूल धोकादायक म्हणून वाहतुकीस बंद झाला. ज्या मतदारसंघाची चर्चा देशभर चालली होती, तेथील रहिवाशांच्या रोजच्या जाण्यायेण्याची वाट बंद होण्याच्या बेतात होती आणि प्रचाराच्या त्या गदारोळात हा प्रश्न ऐरणीवर आला नाही. महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपून कारभार प्रशासकाकडे गेलेला असल्याने जाब विचारावयास नगरसेवकही उरला नव्हता. अशा वेळी माध्यमांची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

माध्यमांच्या सामर्थ्याची दुसरी बाजूही याच पुलाने दाखविली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाहून बरीच उंच असल्याचे उघड झाले. त्या छायाचित्रांनी साऱ्या शहराला हसविले. प्रशासनाची नाचक्की झाली, तज्ज्ञ संस्थांचा सल्ला घेतला गेला आणि जुलैमध्ये दोन्ही पूल जोडून वाहतूक सुरू झाली. मे २०२५ मध्ये संपूर्ण पूल खुला झाला. लाज वाटावयास लावणारी बातमी किती उपयुक्त असते, याचा हा पुरावा होय. परंतु रुळांवरील पुलांच्या उंचीविषयी रेल्वेचे बदललेले नियम आणि दोन यंत्रणांमधील विसंवाद हे या फजितीचे मूळ होते. त्याची चर्चा त्या हास्यकल्लोळात मागे पडली.

असे का व्हावे? कोसळणे ही घटना आहे, गंजणे ही प्रक्रिया आहे. घटनेला दिवस, वेळ आणि छायाचित्र असते. प्रक्रियेला यांपैकी काहीच नसते. प्रेक्षकसंख्येवर आणि जाहिरातींवर चालणाऱ्या व्यवसायाला घटना परवडते. तपासणीचे अहवाल वाचू शकणारा आणि त्याच विभागात वर्षानुवर्षे टिकून राहणारा वार्ताहर मात्र महाग पडतो.

दोष केवळ माध्यमांना देऊन वाचकालाही मोकळे होता येणार नाही. लाझार्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९४८ साली माध्यमांच्या गुंगी आणणाऱ्या परिणामाकडे लक्ष वेधले होते. भरपूर माहिती मिळत राहिली की माणूस जाणणे म्हणजेच करणे असे समजू लागतो. वेड्यावाकड्या पुलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून दहा जणांना पाठविणाऱ्याला आपण नागरिकाचे कर्तव्य बजावले असे वाटते. विभाग कार्यालयात मात्र त्याची एक ओळही पोहोचलेली नसते.

उपाय अवघड नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार सार्वजनिक यंत्रणांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. प्रत्येक पुलाची तपासणी कधी झाली, दुरुस्ती कोणती सुचविली गेली आणि ती झाली की नाही, हे पालिकेने व रेल्वेने दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करावे. वृत्तपत्रांनी पावसाच्या आणि धरणसाठ्याच्या आकड्यांप्रमाणे ते नेमाने छापावे. असा तक्ता कोणी चवीने वाचणार नाही हे खरे. पण ज्या दिवशी त्यातील एक रकाना कोरा दिसेल, त्या दिवशी तो का कोरा आहे हे विचारण्याचे साधन वाचकाच्या हाती असेल. लोकमत घडविण्याचा दावा करणाऱ्यांनी निदान एवढे साधन त्याला पूल पडण्यापूर्वी दिले पाहिजे.